नक्कल पाहायला क्योतोला?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं अशा दोस्तांसाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना झालेलं "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आज विषय आहे नक्कल. कॉपी. आणि सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त मी तीन आठवडे ओसाकाला होते. एका रविवारी सकाळी ट्रेन पकडून क्योतोला गेले. तिथल्या गिओन भागात केन्निनजी नावाचं झेन मंदिर आहे, १२०२ साली स्थापन झालेलं. मला तिथे एकच गोष्ट पाहायची होती: तावाराया सोतात्सु नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकात रंगवलेले वायुदेव आणि मेघदेव.

हे चित्र भिंतीवर नाही, कॅनव्हासवरही नाही. ते आहे घडीच्या पडद्यावर. दवाखान्यात कॉटच्या बाजूला उभा करतात ना, तशी त्याची रचना. जपानीत त्याला ब्योबू म्हणतात. असे दोन पडदे शेजारी शेजारी. सगळी पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची. उजव्या टोकाला हिरव्या अंगाचा वायुदेव, हवेने फुगलेली पिशवी डोक्यावरून धरून धावतोय. डाव्या टोकाला पांढऱ्या अंगाचा मेघदेव, त्याच्याभोवती ढोलांचं कडं. आणि मध्ये काहीच नाही, नुसतं सोनं.

मी बूट काढून आत गेले, पडद्यांसमोर बसले आणि भारावून गेले. फोटो काढायला परवानगी होती, म्हणून भरपूर काढले. मग घरी व्हिडिओ कॉल लावला. माझे बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. मी फोन पडद्यांकडे वळवला. बाबा दोन मिनिटं गप्प बसून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, पण एवढं जुनं चित्र, समोर काच कशी नाही?"

तेव्हा कुठे मी बाजूची पाटी वाचली. पाटीवर सरळ लिहिलं होतं: ही हाय-रिझोल्यूशन प्रतिकृती आहे. मूळ पडदे मंदिराच्याच मालकीचे, पण ठेवलेत क्योतो नॅशनल म्युझियममध्ये.

बाबा हसले. "म्हणजे एवढ्या लांब जाऊन कॅलेंडर पाहिलंस!"

मीही हसले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मी खरंच काही पाहिलं की नाही? आजचा भाग त्या प्रश्नावर आहे.

मूळ चित्र तिथे का नाही?

सोपं उत्तर आहे: प्रकाश. कागद, रेशीम आणि वनस्पतीपासून केलेले रंग उजेडात हळूहळू मरतात. आणि हे नुकसान बेरजेचं असतं. आज दोन तास उजेडात ठेवलं आणि मग महिनाभर अंधारात ठेवलं, तर त्या दोन तासांचं नुकसान भरून येत नाही. बॅटरीसारखं रिचार्ज होत नाही ते.

म्हणून जपान सरकारने १९९६ मध्ये नियमावली केली. 'राष्ट्रीय ठेवा' किंवा 'महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता' असा दर्जा असलेल्या वस्तू वर्षात जास्तीत जास्त दोन वेळा आणि एकूण ६० दिवसांपर्यंतच प्रदर्शनात ठेवायच्या. पुढे २०१८ मध्ये या नियमांत बदल झाले. दगड-धातूला थोडी सूट मिळाली, पण पटकन फिकी पडणारी चित्रं आणखी जपायची असं ठरलं. वायुदेव-मेघदेव हे राष्ट्रीय ठेवा. म्हणजे मी कुठल्याही रविवारी उठून क्योतोला गेले असते, तर मूळ चित्र समोर असण्याची शक्यता कमीच होती.

शिवाय म्युझियममध्ये ते दिसतं तेव्हा काचेमागे, मंद दिव्यात आणि आपण उभे. पण ब्योबू बनवला गेला तो चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेसाठी. बाजूने येणारा दिवसाचा उजेड किंवा दिव्याची ज्योत. पडदा घडीत उभा असतो, म्हणून प्रत्येक पान वेगळ्या कोनातून उजेड पकडतं. म्युझियम चित्र वाचवतं, पण ते पाहण्याची जुनी पद्धत तिथे शक्य होत नाही.

पिक्सेलला सोनं कळत नाही

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे टेक्निकल.

मी पाहिलेली प्रतिकृती 'त्सुझुरी' नावाच्या प्रकल्पातली. २००७ मध्ये कॅनन कंपनी आणि क्योतोमधली एक सांस्कृतिक संस्था यांनी मिळून तो सुरू केला. अर्थात यात कॅमेरे आणि प्रिंटर विकणाऱ्या कंपनीची जाहिरातही होतेच, ते लपवायचं कारण नाही. पण काम कसं होतं ते ऐका.

चित्राचा एकच फोटो काढत नाहीत. त्याचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा फोटो काढतात आणि मग सॉफ्टवेअरने ते सगळे एकमेकांना जोडतात. आपल्या फोनमधला पॅनोरमा आठवा, फक्त इथे एका केसाइतकी चूकही चालत नाही. मग रंग जुळवायचे. तेही ऑफिसात बसून नाही, तर मूळ चित्राशेजारी छापील नमुना धरून. मग खास तयार केलेल्या जपानी कागदावर किंवा रेशमावर मोठ्या प्रिंटरने छपाई.

इथपर्यंत मला वाटत होतं, झालं की काम. रिझोल्यूशन पुरेसं वाढवलं की कॉपी पूर्ण. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतर नोकरीत मी हेच धरून चालले होते. पण सोनं आलं की हे गणित फसतं.

पिक्सेल म्हणजे काय? तीन आकडे. लाल, हिरवा, निळा. तो एका क्षणाचा, एका कोनातला रंग सांगतो. पण सोन्याला असा एक रंगच नसतो. तुम्ही डोकं जरा हलवलंत की ते उजळतं, आणखी हलवलंत की काळवंडतं. त्याचा फोटो शाईने छापला तर हाती येतं पिवळट तपकिरी, ओल्या मातीसारखं काहीतरी. रिझोल्यूशन दहापट केलं तरी फरक पडत नाही, कारण जे हवंय ते त्या डेटामध्ये नाहीच.

म्हणून छपाईनंतर ते कागद क्योतोच्या कारागिरांकडे जातात. ते हाताने खरा सोन्याचा वर्ख लावतात. आणि नवा झगझगीत वर्ख लावून भागत नाही. चारशे वर्षांत जिथे तो झिजला, जिथे मंदावला, तिथे तसाच दिसायला हवा. त्यानंतर पडदे बांधणारे कारागीर पारंपरिक पद्धतीने तो कागद चौकटीवर चढवतात. म्हणजे ज्याला मी 'डिजिटल कॉपी' म्हणत होते, त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम हाताचंच होतं.

कॉपीची कॉपी

आता जरा मागे जाऊ. याच चित्राची पहिली नक्कल काही कॅननने केलेली नाही.

सोतात्सुनंतर साधारण शंभरेक वर्षांनी ओगाता कोरिन या नामवंत चित्रकाराने हेच वायुदेव-मेघदेव पुन्हा रंगवले. इतके बारकाईने, की बाह्यरेषा जवळजवळ जुळतात. त्यानंतर आणखी शंभरेक वर्षांनी साकाई होइत्सु याने कोरिनचं चित्र पाहून आपली जोडी रंगवली. एवढंच नाही, होइत्सुने कोरिनच्या त्या पडद्यांच्या पाठीवर चंदेरी पार्श्वभूमीवर पावसात झुकलेलं आणि वाऱ्यात हललेलं गवत काढलं. मेघदेवाच्या मागे पावसाळी उन्हाळा, वायुदेवाच्या मागे वाऱ्याचा शरद. पुढे जपणुकीसाठी पुढची आणि मागची बाजू वेगळी केली गेली.

आज कोरिनची ती 'कॉपी' तोक्योच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे आणि तिला स्वतःला महत्त्वाच्या सांस्कृतिक मालमत्तेचा दर्जा आहे. तिला कोणी कॅलेंडर म्हणत नाही. या चित्रकारांनी एकमेकांकडे बसून धडे घेतले नव्हते. मध्ये पिढ्या गेल्या होत्या. नक्कल करणं हीच त्यांची शाळा होती.

२६ जानेवारीची सकाळ

पण नक्कल करणं नेहमीच गुरूला वंदन करण्यासाठी नसतं. कधी ती विम्यासारखी असते. आणि विमा वेळेत उतरवावा लागतो.

नारा शहराजवळ होर्यूजी मंदिर आहे. तिथल्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर साधारण सातव्या शतकाच्या शेवटी रंगवलेली बुद्ध आणि बोधिसत्त्वांची चित्रं होती. १२ भिंती. त्यातल्या बोधिसत्त्वांची आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीशी तुलना अभ्यासक नेहमी करतात. फोटो पाहाल तर तुम्हालाही तो मानेचा बाक ओळखीचा वाटेल.

१९३५ मध्ये क्योतोच्या बेनरिदो या छपाई कंपनीच्या लोकांनी या भिंतींचे मूळ आकारात फोटो काढले. मोठमोठ्या काचेच्या प्लेटांवर, भाग पाडून, प्रत्येक भाग वेगळा. आत्ता सांगितलेली त्सुझुरीची पद्धत आठवली ना? तीच कल्पना, फक्त कॉम्प्युटरशिवाय. शिवाय त्यांनी रंगांसाठी वेगवेगळे फिल्टर लावूनही प्लेटा घेतल्या, म्हणजे पुढे रंगीत छपाई करता येईल. रंगीत फोटो ही तेव्हा काही रोजची गोष्ट नव्हती.

१९४० पासून चित्रकारांच्या तुकड्या या भिंतींच्या हाताने नकला करायला लागल्या. युद्ध आलं, गेलं. काम रेंगाळत चालू होतं. आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे सभागृहाला आग लागली. चित्रकार थंडीत वापरत असलेल्या विजेच्या गादीवर पुष्कळांचा संशय होता. विचार करा, जे जपण्यासाठी लोक तिथे बसले होते, त्यांच्याच कामाच्या काळात ते जळालं. भिंती उभ्या राहिल्या, पण रंग गेले. उरल्या काळपट छाया. दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेले काही भाग तेवढे वाचले.

या आगीने जपान हादरला आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक मालमत्ता संरक्षणाचा कायदा झाला. आजही २६ जानेवारीला जपानभर मंदिरांमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन, तिकडे पाण्याचे फवारे.

आणि भिंती? १९६८ मध्ये नव्याने रंगवलेली चित्रं सभागृहात लावली गेली. चित्रकारांना आधार होता १९३५ च्या फोटोंचा. आज तिथे जाणारा माणूस नक्कलच पाहतो. दुसरं काही पाहायला उरलेलंच नाही. त्या ३६३ काचेच्या प्लेटांना २०१५ मध्ये सांस्कृतिक मालमत्तेचा दर्जा मिळाला, आणि आता त्या स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्यात. तुम्ही फोनवर दोन बोटांनी झूम करून जळून गेलेल्या बोधिसत्त्वाच्या पापणीपर्यंत जाऊ शकता.

आणि आपलं अजिंठा

होर्यूजीत नकला करणाऱ्या एका तुकडीचे प्रमुख होते अराई कांपो. हे नाव आपल्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण हा माणूस त्याआधी वीसेक वर्षं अजिंठ्यात येऊन गेला होता. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ते १९१६ मध्ये कलकत्त्याला शिकवायला आले, आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात जपून ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ चा मोठा भूकंप आला, शहर पेटलं, आणि त्या जळाल्या.

अजिंठ्याच्या नकलांचं नशीबच विचित्र. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला हे काम दिलं गेलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांजवळ राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले होते. १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक गेले. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कामाला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. १८८५ पर्यंत काम चाललं. तीही चित्रं लंडनला गेली, आणि १८८५ च्या आगीत त्यातली बरीच जळाली.

म्हणजे होर्यूजीत मूळ जळालं आणि नक्कल उरली. अजिंठ्यात नकला पुन्हा पुन्हा जळाल्या आणि मूळ अजून आहे. ही नुसती नशिबाची गोष्ट. पण दोन्हीकडून एकच गोष्ट कळते: सगळं एकाच जागी ठेवायचं नाही. माझ्या क्षेत्रात याला बॅकअप म्हणतात, आणि प्रत्येक कंपनी तो नीट घ्यायला शिकते एकदा डेटा उडाल्यावरच.

घरी परतलेली चित्रं

१९२३ च्या त्याच भूकंपात तोक्योच्या उशिजिमा मंदिरातलं एक मोठं लाकडी चित्रही जळालं. होकुसाईचं. हो, तोच, 'मोठ्या लाटे'वाला. वयाच्या ऐंशीनंतर, १८४५ मध्ये त्याने ते रंगवलं होतं. मागे उरला फक्त एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो. त्या फोटोवरून, कुठला करडा म्हणजे कुठला रंग असेल याचा अभ्यास करून, अंदाजाने रंग भरलेली प्रतिकृती तयार झाली. २०१६ मध्ये सुमिदा होकुसाई म्युझियम उघडलं तेव्हा ती तिथे लागली. इथे 'अंदाजाने' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि म्युझियम तो सांगतं.

त्याच म्युझियममध्ये २०१९ मध्ये आणखी एक प्रदर्शन झालं. अमेरिकेतले उद्योगपती चार्ल्स फ्रीअर यांनी होकुसाईची हाताने रंगवलेली चित्रं मोठ्या संख्येने जमवली होती. ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहेत, आणि फ्रीअर यांची अट अशी की संग्रहातलं काहीही बाहेर कुणाला उसनं द्यायचं नाही. म्हणजे होकुसाई जिथे जन्मला त्या सुमिदातल्या लोकांनी ती चित्रं पाहायची तर विमानाचं तिकीट काढायचं. त्सुझुरी प्रकल्पाने त्यातल्या १३ चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्या सुमिदात लागल्या. अट मोडली नाही, चित्रं हलली नाहीत, तरी होकुसाई घरी आला.

आणि २०१७ मध्ये तोक्योच्या नॅशनल म्युझियमने हासेगावा तोहाकुच्या धुक्यातल्या पाइन झाडांच्या पडद्यांची प्रतिकृती मांडली. लोकांना चटईवर बसू दिलं, बाजूने प्रोजेक्टर लावले. लहान मुलं पडद्यासमोर बसली. मूळ पडद्यासमोर हे कोणी करू देईल?

पण मग खोटेपणा नाही का?

आहे, होऊ शकतो. पाटी नसेल तर ती फसवणूकच. अंदाज असेल आणि तसं सांगितलं नसेल तर तोही खोटा इतिहास. आणखी एक भीती मला खरी वाटते: चांगली नक्कल मिळाली की मूळ वस्तूवर खर्च करायचा कंटाळा येऊ शकतो. "आहे की स्कॅन!" असं म्हणून भिंतीतली ओल तशीच सोडणं फार सोपं आहे. स्कॅन एका दिवसाचं असतं. मूळ चित्रात रंगाच्या थराखाली काय आहे, कागद कुठला आहे, हे उद्याची नवी यंत्रं सांगतील, पण त्यासाठी मूळ उरायला हवं.

म्हणून नक्कल मूळ चित्राच्या बदल्यात नाही, त्याच्या सोबतीला हवी. म्युझियममधल्या मूळ पडद्यांकडे चारशे वर्षांचं वय आहे, पण त्यांची जागा नाही. केन्निनजीतल्या प्रतिकृतीकडे वय नाही, पण जागा आहे. मी जे पाहिलं ते सोतात्सुच्या हातचं नव्हतं. पण खोली ती होती, चटई होती, बागेतून येणारा उजेड होता, आणि मी डोकं हलवलं तसं सोनं हलत होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाळेत पोरं चित्राची कॉपी करायला कंटाळायची. मी सांगायचो, कॉपी करताना जेवढं बघशील तेवढं नुसतं बघताना बघणार नाहीस." आणि मग, "तू पुढच्या वेळी म्युझियमच्या तारखा बघून जा. आणि मला घेऊन जा."

ठरलंय तसं. दोन्ही पाहायचं.

तर मंडळी, तुमच्यासाठी एक काम. गावच्या देवळात जुनी भिंतचित्रं असतील, घरात आजोबांचं एखादं चित्र असेल, तर परवानगी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून, दिवसाच्या उजेडात त्याचे नीट फोटो काढा. सगळ्याचा एक आणि मग जवळून भाग पाडून. आणि ते एकाच फोनमध्ये ठेवू नका. कोणी काय जपलंय ते मला नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर, काळजी घ्या!